रुमालाखालचा भाव

अण्णा,

मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण बाईमाणूस घोळवून बोलायला लागलं की तुम्ही उठून गोठ्याकडे चालायला लागायचात. आता तुम्हाला उठून जायला जागा नाही आणि मला ऐकवायला माणूस नाही, तेव्हा दोघांचीही सोय झाली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात तुमचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणतात. "अण्णांसारखा जनावराचा पारखी परत व्हनार नाय," असं म्हणतात आणि मला शेजारी उभं राहून मान डोलवावी लागते. डोलवून डोलवून मानेला रग लागली. म्हणून आज गोठा झाडून झाल्यावर, आई आत जरा लवंडली आहे तोवर, हे लिहायला बसले.

मी सासर सोडून परत आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल असं धरून चालते. वणीच्या स्टँडवर उतरून पिशवी घेऊन चालत आले होते. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. तुम्ही दारातून आत आलात, माझ्याकडे पाहिलंत, पिशवीकडे पाहिलंत, आणि काय झालं, कसं झालं, याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत. विचारलं ते बाकीच्यांनी. 'घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं' ही म्हण चुलतीनं ओट्यावर बसून माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात म्हटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या हातात बादली दिलीत. "गोठ्याकडं बघ. तुझ्या आईला व्हत नाय आता." बस, एवढंच. तेव्हा वाटलं होतं, बाप असावा तर असा, जखमेवर बोट न ठेवणारा. पुढे पुढे वाटायला लागलं की तुम्हाला बिनपगारी माणूस आयतं मिळालं. दोन्ही खरं असेल. पण त्या दिवशी मी बादली उलटी धरून गोठ्याकडे निघाले आणि तुम्ही ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलंत, त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोल लावलेला नाही.

धंदा म्हणावा असं त्या गोठ्यात काही नव्हतं. थोड्या संकरित गाई, एक म्हातारी गावठी गाय, ती केवळ तुमच्या आईच्या हातची म्हणून, बैलजोडी, आणि कोपऱ्यात बांधलेली वासरं. दूध डेअरीवर जायचं, दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायचा, तो तसाच्या तसा पेंडवाल्याकडे जायचा. एखादी गाय आटली किंवा कासेला आजार होऊन तिचे सड गेले की तुम्ही बाजारातून नवी गाय आणायचात आणि त्या एका गाईत मधल्या वर्षांची सगळी कमाई बुडायची. वर ताक विकायचं नाही, कारण ताक विकणं म्हणजे घरची लक्ष्मी विकणं. चैत्रात गडावर पायी निघालेल्यांना दूध फुकट, कारण आपला गोठा देवीच्या वाटेवरचा. त्याला माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मी गिळलं. माझं म्हणणं वासरांबद्दल होतं. कालवड जन्मली की चार दिवस चीक पाजून तिला बाजूला करायचं आणि थेंब न् थेंब डेअरीत घालायचा, ही आपली रीत. मग ती वासरं पोट सुटलेली, केस राठ झालेली, गव्हाणीतला उरलासुरला कडबा चघळत उभी. काही मरायची. जगायची ती इतकी उशिरा माजावर यायची की तोवर तुम्ही कंटाळून त्यांना कवडीमोलानं देऊन टाकायचात आणि बाजारातून दुसऱ्याची गाय चढ्या भावानं आणायचात. घरातली गाय उपाशी मारायची आणि बाहेरची विकत आणायची, यात काही चुकतंय हे गावात कुणालाही दिसत नव्हतं, कारण सगळेच तसं करत होते.

एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक कालवड दिलीत. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. कोपऱ्यातल्या सगळ्यात किडकिडीत कालवडीकडे बोट दाखवून म्हणालात, "ही तुझी. जगली तर जगली." देणगी म्हणावी की टाकणी, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण माझं म्हणावं असं त्या घरात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी ती घेतली. डेअरीला जाणाऱ्या दुधातून रोज तिच्यासाठी काढून ठेवायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध आणून पाजलं. शेजारच्या मळ्यात कोबी निघाला की राहिलेला पाला मागून आणायचा, सुकवायचा, कडब्यात मिसळायचा. तुम्ही पाहायचात आणि चिडायचात. "दूध डेअरीत जातंय तवा घर चाललंय. कालवडीला पाजून काय तिची पूजा घालायचीय?" मी म्हटलं, "तिचं दूध तिला पाजतेय, अण्णा." त्यावर तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आईमार्फत बोलायचात. "तिला सांग, पाण्याचं टाकं रिकामं हाय." मी टाक्याशेजारीच उभी असायचे.

आणि तरी जनावराजवळ आलात की तुमच्याच्यानं गप्प राहवायचं नाही. मला शिकवायचं म्हणून नाही, तुम्हाला चूक बघवायची नाही म्हणून. मी एखाद्या कालवडीचं कौतुक करत असले की मागून आवाज यायचा, "तोंड काय बघती? तिच्या आईची कास बघ. मागून बघ. बसल्यावरनं उठताना बघ, पुढचं का मागचं आधी उचलती, वाकती का." तिची कातडी चिमटीत धरून माझ्या हाती द्यायचात. "पातळ लागती का? सैल हाय? मग हिच्यात दूध हाय." एवढं बोलून पुन्हा रागात निघून जायचात. माझ्या हातात ती चिमूट राहायची.

ती कालवड जगली. नुसती जगली नाही, वेळेवर माजावर आली, डॉक्टरांना बोलावून भरवली, पहिल्याच खेपेला गाभण राहिली. अंगावर अशी तकाकी की डेअरीत दूध घालायला जाणारे लोक सायकल थांबवून बघायचे. हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. दुधानं पेंड भागेल, नफा व्हायचा तो कालवडीत. दरवर्षी एक-दोन कालवडी नीट वाढवायच्या, गाभण करून विकायच्या, गोठ्यात लागेल ती घरचीच ठेवायची, बाजारातून गाय आणायचीच नाही. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तंबाखू मळत होतात. म्हणालात, "इकू मग. बाजाराला नेऊ." माझा आनंद मावेना. मीही येते म्हटलं. आई नको म्हणाली, चुलती हसली, पण तुम्ही नाही म्हणाला नाहीत. का ते तुम्हालाच ठाऊक. नाही म्हणाला असतात तर बरं झालं असतं असं पुढे तुम्हाला नक्की वाटलं असेल.

जनावरांच्या बाजारात बाई म्हणजे मी एकटी. एखादी बांगडीवाली, चहाच्या पालाची बाई सोडली तर बाकी सगळे पुरुष, शेण, धूळ आणि आवाज. पण भावाला आवाज नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तोवर नुसतं ऐकून होते. आपला नेहमीचा दलाल आला, खांद्यावरचा रुमाल त्यानं हातावर टाकला आणि त्याच्याखाली तुमचा हात धरला. तोंडानं कुणीच बोलत नाही, आकडा बोटांवर ठरतो. बोटं धरायची, दाबायची, सोडायची, मान हलवायची. मग तोच रुमाल घेऊन तो घेणाऱ्याकडे गेला, त्याच्या हातावर टाकला, तिथेही तेच. असा तो ये-जा करतोय आणि माझी कालवड मधे उभी राहून रवंथ करतेय. तिला मी बादलीनं दूध पाजलं, तिचं शेण काढलं, तिच्या कानातल्या गोचिड्या वेचल्या, आणि तिची किंमत माझ्या डोळ्यांदेखत, माझ्यापासून झाकून ठरत होती. बाईला त्या बोटांची भाषा माहीत असूनही उपयोग नाही, कारण परक्या पुरुषाच्या हातात हात कोण देणार, तोही रुमालाखाली?

तुम्ही इसार खिशात घातलात आणि म्हणालात, "झाला यवहार." मी विचारलं, कितीला? तुम्ही इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात आकडा सांगितलात. मला वाटलं होतं त्याहून कमी होता, पण म्हटलं असेल, मला कुठे बाजार कळतो. मग ज्यानं कालवड घेतली तो पिंपळगावाकडचा द्राक्षवाला तिच्या पाठीवर हात फिरवत उभा होता, मी आपलं सहज, तिला कोण नेतंय ते बघावं म्हणून गेले आणि विचारलं, "दादा, केवढ्याला पडली?" त्याला काय कल्पना. त्यानं खुशीत सांगून टाकलं. अण्णा, त्यानं सांगितलेला आकडा आणि तुम्ही सांगितलेला आकडा यांच्या मधल्या फरकात माझ्या कालवडीची वर्षभराची पेंड आली असती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी त्या दिवशी समोर पाहिलं. मी तिथेच, भर बाजारात, दलालाला म्हणाले, "मधले पैसे कुठायत?"

चार माणसं वळून बघायला लागली. दलालाचं काही बिघडलं नाही. त्यानं रुमाल झटकला, घडी करून खांद्यावर टाकला आणि माझ्याशी नाही, तुमच्याशी बोलला. "अण्णा, लेकीला समजावा. ह्यो बाजार हाय, हळदीकुंकू नाय." मी तुमच्याकडे पाहिलं. मला खात्री होती की आता तुम्ही त्याची गचांडी धरणार. तुमचा राग सगळ्या पंचक्रोशीला माहीत. तुम्ही माझ्याकडे वळलात. "गप. बाईमानसानं बाजारात तोंड उघडायचं नसतं. चल घरी." त्या द्राक्षवाल्यालाही शरम वाटली असावी, तो खाली बघत स्वतःचं नवं दावं कालवडीच्या गळ्यात बांधू लागला. आणि तुम्ही आपलं दावं सोडून, झटकून, गुंडाळून घेतलंत, कारण विकलेल्या जनावराबरोबर दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाते. बरकत म्हणे. कालवड गेली, वर्षभराची पेंड गेली, लेकीची अब्रू चार लोकांत गेली, आणि सुतळीचं दावं तेवढं आपण जपून घरी आणलं. हे आठवलं की आजही हातातलं काम थांबतं माझं.

एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. मी रडणार नाही असं ठरवून समोरच्या सीटचा गज धरून बसले होते. दिंडोरी मागे पडल्यावर तुम्ही बोललात. "मला म्हाईत हाय." मी विचारलं, काय? "तो मधी खातो त्ये. त्याचा बापबी खायचा. दुष्काळात कोन जनावर घेईना तवा त्याच्या बापानं आपली ढोरं इकून दिली व्हती, पदरचं घालून. तो त्याचा घास हाय." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही फसला नव्हतात. फसवलं गेलेलं माणूस मी एकटीच होते. तुम्ही तुमच्या बापाचं ऋण माझ्या कालवडीतून फेडत होतात आणि मला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "आणि माझा घास?" तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत. बाहेर द्राक्षाच्या बागा होत्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर मी जनावर बाजारात नेलं नाही. तुम्ही म्हणालात, मग घेनार कोन, तुझा बाप? मी म्हटलं, बघू. डॉक्टर गावोगाव फिरायचे, त्यांना सांगून ठेवलं. डेअरीत दूध घालायला येणाऱ्या बायकांना सांगितलं. पुढच्या कालवडी तयार झाल्या तेव्हा गिऱ्हाईक अंगणात आलं. मी त्यांना आधी कालवडीची आई दाखवली, तिची कास दाखवली, डोळ्यांसमोर दूध काढून दाखवलं, कालवड कधी भरवली ते सांगितलं, आणि भाव मोठ्यानं बोलले. शेजारीपाजारी ऐकत होते, चुलती ओट्यावरून ऐकत होती, रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू गेला असेल. गिऱ्हाईक गांगरलं. त्यानं खिशातून हात काढला होता, रुमालही होता, पण तो टाकायचा कुणाच्या हातावर? तुम्ही बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होतात. तो तुम्हाला म्हणाला, "अण्णा, तुम्हीच सांगा काय त्ये." आणि तुम्ही भिंतीकडे बघतच म्हणालात, "गोठा पोराचा हाय. त्याला इचारा."

पोराचा. पोरगा, म्हणजे माझा भाऊ, तेव्हा शहरात अंबडच्या कंपनीत कामाला आणि इंदिरानगरला भाड्याच्या खोलीत. दिवाळीला यायचा, तूप घेऊन जायचा, जाताना गाईला दुरूनच हात जोडायचा, कारण लहानपणी एकीनं त्याला लाथ मारली होती. गिऱ्हाईक खरोखर वणीला जाऊन बूथवरून त्याला फोन करून आलं. परत आलं तेव्हा हसत होतं. माझा भाऊ त्याला म्हणाला होता, "काका, ताईला विचारा. मला गाय कुठल्या बाजूनं दूध देते तेही सांगता यायचं नाही." सौदा मी मागितलेल्या किमतीला झाला. कुंकू आईनं लावलं, भाव मी सांगितला आणि दावं तुम्ही सोडून घेतलंत. 

पुढची वर्षं तुमच्या डोळ्यांसमोरच गेली, तरी सांगते, कारण तुम्ही ती बघितल्याचं कधी कबूल केलं नाहीत. कुडाच्या जागी विटांचा गोठा झाला. कडबाकुट्टीचं यंत्र आलं. द्राक्षवाले शेणखताला ट्रॉली घेऊन यायला लागले, तेव्हा शेण विकतात म्हणून आईला आठवडाभर लाज वाटली, मग ती स्वतःच ट्रॉली नीट भरली का बघायला लागली. मी मका कापून खड्ड्यात दाबून मुरघास घातला, तेव्हा तुम्ही नाकाला धोतर लावून म्हणालात, "सडका चारा घालून गाई मारनार ही." गाईंनी खड्डा उघडल्या दिवसापासून दुसऱ्या चाऱ्याला तोंड लावलं नाही. बाजारातून आपण परत कधी गाय आणली नाही. गाभण कालवडीला लोक आधीपासून सांगून ठेवायला लागले. आणि पारावर तुम्ही काय सांगायचात? "पोरगा लक्ष देतो शहरातनं." उंटावरून शेळ्या हाकायलाही वेळ नव्हता त्या बिचाऱ्याला. मला हे चुलतीनं सांगितलं, मुद्दाम, तिखटमीठ लावून, आणि पहिल्यांदाच तिचा मला राग आला नाही.

मधे एकदा तो दलाल घरी आला होता. तुम्ही त्याला बाजेवर शेजारी बसवलंत आणि मला चहा टाकायला सांगितलंत. मी टाकला. कोरा. गोठ्यात इतक्या गाई दुभत्या असताना त्याच्यापुढे मी कोऱ्या चहाचा कप ठेवला. त्यानं कपात पाहिलं, मग तुमच्याकडे. तुम्ही तुमचा कप उचललात, तोही मी कोराच दिला होता, आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यालात. मग तोही प्याला. जाताना त्याच्या सायकलला तुम्ही स्वतः बाजरीचं गाठोडं बांधून दिलंत. त्याबद्दल मी भांडले नाही. बाजरी तुमची होती, तुम्ही पेरलेली.

पण दवाखान्यातलं मी सोडणार नाही. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या त्या दवाखान्यात तुमचं शेवटचं दुखणं निघालं. मी पहाटेचं दूध काढून पहिल्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या धारेला परत जायची. भाऊ कामावरून सुटला की येऊन बसायचा. शेजारच्या खाटेवर सटाण्याकडचे एक म्हातारबाबा होते, बोलके. त्यांनी एकदा त्यांच्या अहिराणीत जनावरांची चौकशी केली, "तुमनाकडे ढोरं शेतस का?" तुमचा चेहरा किती दिवसांनी उजळला. उठून बसायचा प्रयत्न केलात. मी पाठीला हात दिला. माझा हात पाठीला असताना, अण्णा, तुम्ही त्यांना म्हणालात, "हायती ना. पोराचा गोठा हाय. लय मोठा केला त्यानं." भाऊ मोसंबं सोलत होता, तो थांबला. "अण्णा, अहो, ताईचा..." एवढंच बोलला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. झोप आली म्हणून मिटले नव्हतेत. मला तुमचं मिटणं कळतं.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. खाली चौकात ट्रक एकमेकांच्या मागे अडकून हॉर्न वाजवत होते आणि मी कठड्याला धरून रडत होते. दुःखानं नाही, संतापानं. माझ्या अंगाला तेव्हाही शेणाचा वास येत होता. ज्याच्या पाठीला हात दिला त्याला त्या हाताचं नाव घ्यायला काय जड जात होतं? मग आत येऊन तुम्हाला पेज भरवली. तुम्ही प्यालात. आपण त्याबद्दल बोललो नाही आणि थोड्याच दिवसांत बोलायची सोय संपली.

तेराव्यानंतर मी आईजवळ हे ओकले. सगळं, बाजारापासून. आई म्हणाली, "लेकीच्या घरचं पानीबी पिऊ नये म्हनत्यात. गोठा तुझा म्हनले आसते तर ते खानार कुठं व्हते? पोराचा म्हनले म्हनून घास उतरला त्यांच्या गळ्याखाली." हे मला सुचलं नव्हतं. लेकीचं खायचं नाही, हे तुमच्या लेखी धर्माहून वरचं होतं, आणि माझं खाल्ल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून तुम्ही नावच बदललंत. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तसं. मी समजून घ्यावं असं आईला वाटत होतं. मी समजले. समजून माझा राग दुप्पट झाला. खायचं माझं आणि ढेकर पोराच्या नावानं? एवढाच धर्म होता तर उपाशी राहायचं होतंत. नाही, हे खोडत नाही. लिहिलं ते राहू दे. तुम्ही उपाशी राहिला असतात तर मी तुम्हाला जेवायला घातल्याशिवाय सोडलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

गेल्या आठवड्यात बचत गटाच्या बायका आल्या होत्या, टेम्पो करून, गोठा बघायला. हल्ली येतात. मी त्यांना मुरघासाचा खड्डा दाखवला, वासरांचा कप्पा दाखवला, दुधाचा आणि कालवडीचा हिशोब वेगळा का धरायचा ते सांगितलं. मग एक कालवड पुढे घेतली आणि सांगत गेले, तोंड बघू नका, आईची कास बघा, उठताना बघा. तिची कातडी चिमटीत धरून एकेकीच्या हातात दिली. पातळ लागते का? सैल आहे? मग हिच्यात दूध आहे. त्यांच्यातली एक तरणी बाई, बहुतेक माझ्यासारखीच माहेरी परत आलेली, कारण ती कुणाशी फारशी बोलत नव्हती, तिनं विचारलं, "ताई, हे समदं तुमाला कोनी शिकवलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. माझं मी शिकले."

आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. टेम्पो गेल्यावर टरफलं गोळा करत ती म्हणाली, "पार त्यांच्यावरच गेली तू."

मला तिचा इतका राग आला की मी टोपली तिथेच ठेवून गोठ्यात निघून गेले. हा कागद कुठे पाठवायचा नाही, कुणाला वाचून दाखवायचा नाही, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही. आई खोटं बोलली नव्हती. पण त्या बाईनं उद्या परत येऊन विचारलं, तरी मी तिला तेच सांगणार आहे.